रात्री झकास, सकाळी मळकट: जलरंगातलं शहराचं रात्रचित्र का फसतं आणि कसं सावरायचं

इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे दिवसा दागिन्यांच्या आणि रात्री खाण्याच्या बाजारात, रात्री बसून जलरंगात चित्र काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची एकच तक्रार असते. जागेवर चित्र छान वाटतं, मागे उभे राहून बघणारेही मान डोलावतात, आणि सकाळी खिडकीपाशी नेलं की आकाश राखाडी, दिवे हिरवट, गर्दीच्या जागी नुसता चिखल. मग रंग बदलून बघतात, महागडा कागद आणतात, आणि पुढच्या सकाळी पुन्हा तेच. इंदूरमध्ये बाहेर बसून चित्रं काढणाऱ्या आमच्या मंडळींत हा विषय इतक्यांदा निघतो की एकदा सविस्तर लिहून ठेवायचं ठरवलं.

माझं मत आधीच सांगते. रंग आणि कागद बदलण्याआधी आपल्या कागदावर उजेड कसला पडतो ते बघा. फसलेल्या रात्रचित्रांतली निम्म्याहून अधिक गडबड तिथे सुरू झालेली असते, आणि ती सुटल्याशिवाय बाकीचे उपाय लागू पडत नाहीत.

पण त्याही आधी आपलं चित्र नेमकं कशानं बिघडलंय ते ओळखायला हवं. सकाळी थेट उन्हात नको, सावलीतल्या भरपूर उजेडात चित्र उभं करा आणि सात-आठ फुटांवरून बघा. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. काळोख काळा न दिसता मधल्या करड्यात दिसला, तर चित्र फिकं पडलंय. काळोख ठीक आहे, दिवेही उजळ दिसतायत, पण मूळ रंगीत चित्र डोळ्यांना खटकतंय, तर रंगांची निवड चुकलीय. आणि फोटोत दिवे, माणसं, भिंती सगळं एकाच करड्यात बुडालं असेल तर रंग गढूळ झालेत. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. फिकं पडलेलं चित्र आणि गढूळ झालेलं चित्र एकाच पद्धतीनं दुरुस्त करायला गेलं की दोन्ही हातची जातात.

कागदावरचा उजेड

ठेल्यावरच्या पिवळ्या बल्बखाली कोरा कागदही पिवळाच दिसतो. त्यावर पिवळा रंग लावला तरी लावल्यासारखा वाटत नाही, म्हणून हात सैल सुटतो. त्याच उजेडात निळा रंग मंद आणि काळपट दिसतो, म्हणून निळा जास्त ओतला जातो. सकाळच्या उजेडात आकाश भडक निळं आणि दिवे हळदीसारखे दिसतात ते यामुळे. निळसर पांढऱ्या एलईडीखाली याच्या उलट होतं. केशरी आणि तांबूस रंग दबलेले वाटतात, आपण ते वाढवत नेतो, आणि घरी आल्यावर सगळा बाजार पेटल्यासारखा दिसतो.

उजेड किती आहे यानंही फरक पडतो. डोक्याला बांधायची बॅटरी पूर्ण जोरात लावली की कागद झगमगतो, त्यावरचा प्रत्येक रंग आहे त्यापेक्षा उजळ वाटतो, आणि मग आपण सगळं गडद करत जातो. उजेड फारच कमी असेल तर उलट, काय चाललंय ते दिसावं म्हणून हात आपोआप फिके रंग उचलतो. डोक्यावरच्या बॅटरीत आणखी एक खोट आहे: समोरच्या दृश्याकडे बघितलं की तिचा झोत समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जातो, आणि कागदाकडे बघितलं की आपल्या बाहुल्या आकसतात. मान वर केल्यावर गल्लीतल्या सावल्या ठार काळ्या दिसतात, आणि तशाच रंगवल्या जातात. मी ती बॅटरी वापरू नका असंच सांगेन.

त्याऐवजी बोर्डाला चिमट्यानं लावायचा छोटा दिवा घ्या. डब्यावर रंगतापमान ४००० ते ५००० केल्विनच्या दरम्यान आणि सीआरआय ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असावं. पहिल्या आकड्याचा अर्थ उजेड फार पिवळाही नाही आणि फार निळाही नाही, आणि दुसऱ्याचा अर्थ त्या उजेडात रंग बऱ्यापैकी खरे दिसतात. झोत मऊ करायला तोंडावर बटर पेपरचा तुकडा लावा. उजव्या हातानं काढत असाल तर दिवा वर डावीकडे, म्हणजे हाताची सावली कामावर येत नाही. पॅलेटवरही तोच उजेड पडला पाहिजे. कागदावर एक उजेड आणि पॅलेटवर ठेल्याचा पिवळा, हा प्रकार फार वेळा बघायला मिळतो. मग मिसळलेला रंग आणि लावलेला रंग जुळणार कसे?

दिव्याचा जोर ठरवायची सोपी युक्ती म्हणजे समोरच्या ठेल्यामागची उजळलेली भिंत किंवा ताडपत्री बघायची आणि मग कोरा कागद बघायचा. कागद त्या भिंतीपेक्षा जास्त चमकत असेल तर दिवा लांब करा.

आणि रात्री रंग डोळ्यांनी निवडू नका, जागेनं निवडा. पॅलेटमधली प्रत्येक रंगाची खोली कायमची ठरलेली असली की अंधारातही हात बरोबर जातो. दिवसा एका पट्टीवर आपल्या सगळ्या रंगांचा तक्ता करा, प्रत्येकाचं नाव खाली लिहा, आणि रात्री बसल्यावर पहिलं काम म्हणून तो आपल्या दिव्याखाली धरा. अल्ट्रामरीन आणि इंडिगो या दोन निळ्यांत फरक दिसत नसेल तर तुमचा दिवा खोटं बोलतोय.

अगदी अंधाऱ्या जागी, समजा कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी (होळकरांच्या स्मारकांपाशी) नदीच्या बाजूला बसलात, तर आणखी एक गोष्ट घडते. मंद उजेडात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम करू लागतात. त्यांना लाल रंग काळपट आणि निळा-हिरवा तुलनेनं उजळ दिसतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं आणि त्याच्याच नावानं ते ओळखलं जातं. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणजे जागेवर पोचल्या पोचल्या लाल-काळ्यांबद्दल केलेला निर्णय अर्ध्या तासानं बदलावा लागतो. पहिला अर्धा तास पेन्सिल चालवा, रंग नंतर.

काळोख फिका पडणं

ओला जलरंग वाळला की फिका होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. दिवसा आपण वाळलेला रंग बघून पुढचा ठरवतो. रात्री, विशेषतः पावसाळ्यात, तो वाळतच नाही. आपण ओला, दिव्याखाली चकाकणारा गडद बघून समाधान मानतो आणि घरी पोचेपर्यंत तो करडा होतो.

काळोखाचा रंग मिसळताना पाणी कमी करा. दुधासारखा पातळ नको, सायीसारखा दाट हवा, पॅलेट तिरपं केलं तर हळूहळू सरकणारा. पहिल्यांदा तो कागदावर ठेवताना भीती वाटते, इतका गडद दिसतो. तोच सकाळी बरोबर निघतो. त्याच कागदाची एक पट्टी खिशात ठेवा, त्यावर फटकारा मारा, हलवून वाळवा आणि मग ठरवा. दोन मिनिटं जातात, पण चित्र वाचतं.

रंग कुठले? अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचं मिश्रण माझ्या सर्वांत भरवशाचं. निळा जास्त घेतला की थंड काळोख, सिएना जास्त घेतला की जुन्या लाकडाचा, होळकरांच्या राजवाड्याच्या वरच्या मजल्यांचा काळोख मिळतो. राजवाडा सात मजली आहे, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. प्रकाशझोत पडल्यावर हा फरक रंगातही दिसतो, म्हणून वर-खाली एकच काळा फासणं तिथे विशेष खटकतं. याहून खोल काळोख हवा असेल तर फ्थालो निळा, अलिझरिन (गडद किरमिजी) आणि थोडा बर्न्ट सिएना घ्या. फ्थालो मात्र कागदात मुरतो, पुसून निघत नाही, हे लक्षात ठेवूनच हात घाला. ट्यूबमधल्या काळ्याला माझा तात्त्विक विरोध नाही, पण तो एकटा लावला की त्या जागी चित्राला भोक पडल्यासारखं दिसतं. त्यात निळा किंवा तांबूस काहीतरी मिसळा.

आणि काळोख एका दमात लावा. अर्धवट वाळलेल्या गडदवर दुसरा गडद चढवायला गेलं की खालचा उचकटतो आणि दोन्ही मिळून पातळ होतात.

दिव्याभोवती हिरवं कडं

हा दोष सर्वांत जास्त दिसतो आणि याच्यावर सर्वांत कमी बोललं जातं. दिव्याचा मध्य कोरा सोडला, भोवती पिवळा लावला, बाहेरून निळा आणला. दोघे ओले असताना भेटले आणि हिरवं कडं तयार झालं. रात्रीच्या पिवळ्या उजेडात ते दिसतही नाही.

गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) ठेल्याचं उदाहरण घेते, कारण थंडीत सराफ्यातला तो सर्वांत सुंदर विषय आहे. मोठी कढई, तिच्यावर लोंबणारा उघडा बल्ब, तेलातून वर येणारी वाफ, आणि मागे बंद दुकानाचं शटर. बल्बचा मध्य कोरा कागद. त्याच्याभोवती स्वच्छ पाण्याचा हात फिरवा, पण बल्बला न शिवता. त्या ओल्यात जवळ फिका लिंबू पिवळा, त्याच्या बाहेर गॅम्बोज (उबदार पिवळा) किंवा केशरी, त्याच्या बाहेर थोडा बर्न्ट सिएना. आता थांबा, चमक जाऊ द्या. कागद नुसता थंड लागेल इतपत ओला राहिला की बाहेरून जांभळट काळोख आणा: अल्ट्रामरीनमध्ये थोडा अलिझरिन. जांभळा पिवळ्याला शांत करतो, हिरवा होऊ देत नाही. शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा यांच्यामध्ये तांबूस रंगाची एक पट्टी राहिली पाहिजे, एवढं सांभाळलं की कडं येत नाही. फ्थालो निळा या जागी नकोच, तो मुळातच हिरव्याकडे झुकलेला असतो.

वाफ वेगळी रंगवायची नसते. शटरचा काळोख ओला असताना कोरड्या, पिळून घेतलेल्या ब्रशनं कढईवरून वर एक-दोनदा रंग उचला. तिची खालची बाजू बल्बमुळे उबदार आणि वरची थंड दिसते. खाली किंचित केशरी राहू दिला की वाफ जिवंत होते. कढईचा काठ, तेलाची चकाकी, गराडूचे दोन-चार उजळ तुकडे एवढंच कोरडं आणि कडक ठेवा. बाकी सगळ्या कडा विरघळू द्या.

ज्यांना बल्बचा मध्य हातानं सोडणं जमत नाही त्यांनी मास्किंग फ्लुइड (कागद झाकणारा, नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) वापरावं, मात्र ते घरूनच लावून, वाळवून न्यावं, आणि एक-दोन दिवसांत काढून टाकावं. ब्रश आधी साबणात बुडवून घ्या, नाहीतर ब्रश गेला.

गढूळपणा आणि न वाळणारा कागद

रात्री जागेवर तीन-चार थर चढवायचा बेत करूच नका. पावसाळ्यातल्या हवेत प्रत्येक थर वाळायची वाट बघायची तर मध्यरात्र उलटते, आणि वाट न बघता हात चालवला तर फुलकोबीसारखे डाग आणि गाळ. यावर मला पटलेला मार्ग म्हणजे उबदार थर आधीच देऊन ठेवणं. संध्याकाळी उजेड असतानाच जागा बघून पेन्सिलनं रेखाटन करा. दिवे येणार आहेत त्या जागा कोऱ्या सोडून बाकी सगळ्यावर पिवळा-केशरी-गुलाबी असा पातळ वॉश द्या. अंधार पडेपर्यंत तो वाळतो. मग रात्री फक्त मधले टोन आणि काळोख लावायचा. जागेवरचे ओले थर दोनच उरतात.

दिवस-रात्रीच्या मधला काळ इंदूरमध्ये फार छोटा असतो. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आकाशाचा निळा आणि रस्त्यावरचे दिवे एकमेकांच्या तोलाचे असतात, त्यानंतर आकाश काळं होतं. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. आकाशाचा तो निळा हवा असेल तर रेखाटन आधीच तयार हवं. मुळात सराफ्याचे ठेले दागिन्यांची दुकानं मिटल्यावर लागतात, तेव्हा आकाश केव्हाच काळं झालेलं असतं. निळ्या आकाशाचं चित्र राजवाड्याच्या चौकात करा, तिथून सराफा दोन पावलांवर आहे.

कागद शंभर टक्के सुती, ३०० जीएसएमचा घ्या आणि आकार लहान ठेवा. पाव शीटसुद्धा रात्री मोठी पडते. दोन छोटे कागद आलटून पालटून चालवले तर एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर हात चालतो.

सराफ्याची एक खास अडचण मात्र पुस्तकांत सापडत नाही. हवेत तेल असतं. भट्टीच्या उबेत कागद लवकर वाळेल म्हणून जवळ जाऊन बसलात तर त्यावर तेलाचे बारीक शिंतोडे पडतात, आणि तेवढ्या जागी रंग धरत नाही, पाणी गोळा होऊन सरकतं. भुट्ट्याचा कीस खाऊन त्याच बोटांनी कागद धरला तरी हेच. खाणं चित्र संपल्यावर, किंवा साबणानं हात धुऊन. एवढी शिस्त पाळणं आपल्या शहरात कठीण आहे, पण डागावर दुसरा इलाज नाही.

याच्या उलट डाग म्हणजे रंग एखाद्या ठिकाणी टीपकागदासारखा शोषला जाऊन गडद ठिपके पडणं. तिथे कागदाला दिलेला, पाणी लगेच शोषू न देणारा सरसाचा थर खराब झालेला असतो, बहुतेक वेळा पावसाळ्यात दमट कपाटात राहिल्यामुळे. असा कागद सुधारत नाही, सरावाला वापरा. नवा कागद प्लास्टिकमध्ये बंद करून, आत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

गर्दी हलती ठेवायची तर

गर्दी रंगवताना दोन दोष वारंवार दिसतात. पहिला, माणसं तरंगतात. आपण ओट्यावर किंवा घडीच्या स्टुलावर बसलेले असतो, पण डोकी काढतो उभं राहून बघितल्यासारखी. सपाट रस्त्यावर तुमच्या डोळ्यांची उंची उभ्या माणसांच्या छातीपाशी असेल, तर ती रेषा जवळच्या आणि लांबच्या सगळ्यांच्याच छातीतून जाते. जवळच्यांची डोकी तिच्या खूप वर, लांबच्यांची थोडीच वर. पेन्सिलनं ती आडवी रेषा हलकी मारून ठेवली की माणसं जमिनीवर उतरतात.

दुसरा दोष, प्रत्येक माणूस सुटा रंगवणं. ठेल्याच्या उजेडापुढची माणसं डोळ्याला एक सलग गडद पट्टा म्हणून दिसतात, ज्याच्या वरच्या कडेला डोक्यांचे उंचवटे असतात आणि खाली पाय सावलीत मिसळून गेलेले असतात. तो पट्टा एकदमच रंगवा. ओला असतानाच कुठे तांबडा दुपट्टा, कुठे निळं जर्किन असा शुद्ध रंगाचा थेंब सोडा. एक-दोन खांद्यांवर ठेल्याच्या बाजूनं कोऱ्या कागदाची बारीक रेघ राहू द्या. माणसं थांबत नाहीत याची चिंता नको. एक गेला की त्याच जागी दुसरा जलेबाची थाळी घेऊन उभा राहतो, खांद्यांची ठेवण तीच असते.

जागेबद्दल थोडं. छप्पन दुकान या खाऊच्या दुकानांच्या रांगेत उजेड सगळीकडे सारखा असतो, काळोख कमी, म्हणून नवख्यांना तिथलं चित्र सपाट होतं. सराफ्याच्या तोंडाशी, बंद शटरच्या ओट्यावर, ठेलेवाल्याला विचारून बसा. वर जुन्या घरांच्या गॅलऱ्यांचा अंधार मिळतो आणि त्यामुळे खालचे दिवे बोलतात. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (दिव्यांनी सजवलेले चित्ररथ) रंगवायच्या असतील तर रस्ता, गर्दी आणि इमारती आधी उरकून घ्या, आणि झांकी समोर आली की तिला एकच उजेडाचा आकार समजून दोन मिनिटांत टिपा. बल्बांच्या माळा मोजत बसलात तर ती पुढे निघून जाते. बाहेर बसून काम करण्याचा वारसा या गावाला आहे. चित्रकलेचे शिक्षक देवळालीकर गुरुजी यांच्या हाताखाली इथे ना. श्री. बेंद्रे आणि एम. एफ. हुसेन हे चित्रकार शिकले, तेव्हा रस्त्यात बोर्ड मांडून बसायला लाजू नका.

बिघडलेलं चित्र सकाळी वाचवायचं असेल तर

फिकं पडलेलं चित्र सर्वांत सहज वाचतं. पूर्ण वाळू द्या, मग रुंद मऊ ब्रशनं काळोखावर अल्ट्रामरीन आणि सिएनाचा एकच पारदर्शक हात फिरवा, दिवे चुकवून. घासू नका, परतही जाऊ नका. हिरव्या कड्यावर पातळ अलिझरिनचा हात दिला की ते तपकिरीत बदलतं आणि उजेडाचाच भाग वाटू लागतं.

बुडालेले दिवे परत आणायला पांढरा गॉश (अपारदर्शक जलरंग) चालतो. तो पिवळ्यात मिसळून लावला की खडूसारखा मेलेला दिसतो. आधी नुसता दाट पांढरा ठिपका, तो वाळल्यावर वरून पातळ पिवळा, असं करा. बल्बांच्या बारीक माळांसाठी, कागद पक्का वाळलेला असेल तर, ब्लेडच्या टोकानं खरवडणं गॉशपेक्षा छान दिसतं. हे सर्वांत शेवटी, कारण खरवडलेल्या जागी नंतर रंग पसरतो.

गढूळ आकाश सुती कागदावर ओल्या स्पंजनं बरंचसं उचलता येतं, त्यात फक्त अल्ट्रामरीन आणि सिएना असतील तर. फ्थालो किंवा अलिझरिन मुरलं असेल तर उचलण्यात वेळ घालवू नका. त्या कागदाची मागची बाजू कोरी आहे, रंगांचा तक्ता तिथे करा आणि रात्री सोबत न्या.